गोविंद झोपली आहे

दारात कुणी आलं आणि बाळ कुठंय असं विचारलं की मी सांगते, "गोविंद झोपली आहे." समोरचा माणूस क्षणभर थांबतो. काहींना वाटतं माझी जीभ घसरली, ते हळूच दुरुस्त करतात, "झोपलाय का, बरं बरं." काहींना वाटतं आपल्याच कानात काहीतरी झालं. दूधवाल्या बाबांनी तर तीन महिने विषयच काढला नाही. मग एक दिवस तिच्या कानातले डूल बघून म्हणाले, "म्हणजे पोर शे व्हय!" (आमच्या अहिराणीत पोर म्हणजे मुलगी, शे म्हणजे आहे.)

नाव कसं पडलं ते आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात आणि उत्तर ऐकून सगळ्यांची निराशा होते.

तिसरा महिना होता. उलट्यांनी जीव नकोसा झालेला. शेजारी एका मुलीचं बारसं होतं, सासूबाई म्हणाल्या, जरा जाऊन ये, तेवढाच विरंगुळा. पाळण्याभोवती बायका उभ्या, आणि वरवंट्याला कुंची घालून, काजळानं डोळे रेखून तो पाळण्याखालून वरून फिरवणं चाललं होतं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. हे आमच्याकडं बारसं मुलीचं असलं तरी असंच. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, नाव सुलोचना ठेवलं, मग त्या गोविंदचं काय झालं? आजी म्हणाली, "वरवंटा परत पाट्यावर. चटणी वाटायची नाही का?"

तर त्या दिवशी वरवंटा माझ्या हातात आला. चांगला जड होता. पुढं द्यायचा तर मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, शेवटी पलीकडच्या काकूंनी ओढून घेतला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "आज मी गोविंद घेऊन आले." एवढंच. त्या दिवसापासून पोटातलं बाळ गोविंद. गोविंदला आज कैरी हवी, गोविंदनं रात्रभर झोपू दिलं नाही, गोविंदची सोनोग्राफी मंगळवारी. मुलगा की मुलगी हे कुणाला माहीत होतं? १९९४ च्या कायद्यानं ते सांगायला आणि विचारायलाही बंदी आहे, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटीच असते. आम्हाला ते विचारायचंही नव्हतं. नाव मुलाचं आहे हे आमच्या ध्यानात नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. होतं. पण तेव्हा तो खेळ होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती झाली, माझ्या माहेरी, तापीच्या पलीकडं. सिस्टर म्हणाल्या, "लक्ष्मी आली हो!" (मुलगी झाली की हे वाक्य म्हणताना आवाज जरा जास्तच चढवतात, कुणाची तरी समजूत घालत असल्यासारखा.) नवरा आत आला, बाळाला हातात घेतलं आणि म्हणाला, "काय गोविंद, ओळखलं का?" ती रडायची थांबली असं तो आजही सांगतो. मला तसं आठवत नाही, माझे टाके चालले होते.

पुढचे चार दिवस आम्ही रीतसर नावं शोधली. खरंच शोधली. यादी केली, मोबाईलवर बघितलं, मावशीनं ओवी सुचवलं, भावानं काहीतरी दोन अक्षरी सुचवलं ज्याचा अर्थ त्यालाही सांगता येईना. आणि प्रत्येक वेळी नाव ठरवता ठरवता तोंडातून निघायचं, "गोविंदला घे गं जरा." पाचवी पुजली त्या रात्री नवरा म्हणाला, "सहा महिने हिला एका नावानं हाक मारली. आता मुलगी निघाली म्हणून ते नाव काढून घ्यायचं?" मला त्यावर काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

आता घरच्यांचं. माझे वडील म्हणाले, शाळेत चिडवतील. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शिरपूर तालुक्यात, तेव्हा या विषयात माझा थोडा अधिकार आहे. मुलं सगळ्यांनाच चिडवतात. आरतीला ओवाळतात, सागरला बुडवतात. भटजींनी पत्रिका मांडली, नक्षत्र पुष्य निघालं, अक्षरं हू, हे, हो, डा. गो हे अक्षर शततारकेचं. मला वाटलं इथं अडणार. पण ते शांतपणे म्हणाले, राशीचं नाव हेमा लिहितो, व्यवहारातलं तुम्ही काय ते ठेवा. सासरे माळकरी. त्यांना तर काही अडचणच दिसेना. म्हणाले, "विठ्ठलाला आपण माउली म्हणतो, विठाई म्हणतो. तो काही तक्रार करत नाही." शिवाय अजामिळाची गोष्ट सांगितली. मुलाचं नाव नारायण होतं म्हणून मरताना त्याला हाक मारली आणि तरला. मुलांना देवाचं नाव ठेवायचं ते त्यासाठी, नाव तोंडात यावं म्हणून. "आता चिडून हाक मारशील तेवढी जपून मार."

आजेसासूबाई, त्यांना आम्ही मोठी माय म्हणतो, फोनवर एवढंच बोलल्या, "आंडेरले आंडोरनं नाव?" अहिराणीत मुलगी आंडेर आणि मुलगा आंडोर. एका मात्रेचा फरक. मी म्हटलं, हो. त्यांनी फोन ठेवला.

माझी तयारी विरोधाची होती. मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. रतन आमच्याकडं बाप्याचंही नाव आणि बाईचंही. किरण इकडं मुलगा, उत्तरेत मुलगी. सुमन, कमल ही नावं ऐकून कुणी वळून बघत नाही. मग गोविंदनंच काय घोडं मारलंय? ही सगळी उत्तरं वाया गेली. कारण मी ज्याची तयारी केली नव्हती ते झालं. लोकांना नाव आवडलं.

बाळंतिणीला बघायला आलेली पहिलीच म्हातारी. नाव ऐकलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बेस करं वं माय. आते पाठवर पोऱ्याच येई." दुसरी म्हणाली, आमच्या जावेनंही असंच केलं होतं, गुण आला. तिसरीनं तर माझं कौतुक केलं की शिकलेली असून रीत सोडली नाही. मी म्हणत होते, अहो तसं नाही, आम्हाला मुलगा हवा म्हणून नाही ठेवलं. त्या समजुतीनं मान हलवायच्या. बाळंतीण बाई असं बोलून दाखवत नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

यात त्यांचाही दोष नाही. आमच्या भागात नाव हे नुसतं हाक मारायला नसतं, नियतीशी केलेली ती एक चलाखी असते. आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये बघा. सुपडू, धुडकू, भिका, दगा, उखर्डू, नथ्थू. पोरं जगत नसली की जन्मलेल्याला सुपात घालायचं, त्याचा सुपडू. उकिरड्यावर ठेवून उचलायचं, तो उखर्डू. नाक टोचून नथ घालायची, सटवीला वाटावं पोरगी आहे, हिला कोण नेतंय. तो नथ्थू. म्हणजे मुलगा वाचावा म्हणून त्याला मुलगी करायचं, आणि मुली व्हायच्या थांबाव्यात म्हणून मुलीला नकोशी म्हणायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात नकोशी, नकुसा अशा नावांच्या २८५ मुलींना एका कार्यक्रमात नवी नावं दिली होती. तेव्हा मी डी.एड. करत होते, पेपरातला त्यांचा फोटो मला आठवतो. त्याच वर्षीच्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८४२ मुली होत्या. अशा जिल्ह्यात मुलगी जन्माला घालून तिला गोविंद म्हणायचं आणि वर म्हणायचं की यात काही मागणं नाही! कोण विश्वास ठेवणार? कधीकधी रात्री दूध पाजताना मलाच शंका यायची, की आपण ज्याला खेळ म्हणतोय तो खेळच होता ना?

विरोध करणाऱ्याशी भांडता येतं. कौतुक करणाऱ्याचं काय करायचं हे मला कळेना.

बारसं सव्वा महिन्यानं केलं. नणंद सुरतेहून आली, उधन्यात राहते. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यामुळं सगळ्या किल्ल्या तिच्या हातात. ती स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, माझ्या तोंडून नाही निघायचं. पाळण्यात पोर आणि मी गोविंद ओरडू?" मी म्हटलं, ताई, तुम्ही आता दहा मिनिटं तेच ओरडणार आहात. तिला आधी कळलं नाही. मग पाळणा सुरू झाला, बायका वरवंटा फिरवायला लागल्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या, आणि ती मधेच माझ्याकडं बघून असं काही हसायला लागली की तिच्या हातून गोविंद पडता पडता राहिला. शेवटी वाकली, बाळाच्या कानाशी कितीतरी वेळ तोंड ठेवलं, पोरांनी पाठीत धपाटे घातले, आणि ताईनं उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "गोविंद!" एक क्षण शांतता, मग घुगऱ्या. पुढं महिनाभरानं फोनवर तिनं कबूल केलं की कानात तिनं वेगळंच सांगितलं होतं. काय ते सांगत नाही. म्हणते, ते माझं आणि तिचं आहे, ती मोठी झाली की विचारेल.

कागदाचं काम सोपं होतं, असं आम्हाला वाटलं होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती रुग्णालयाकडून गेली होती, नावाचा रकाना मोकळा. नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांच्या आत फी नाही, पुढं विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुभा असते. पण जन्म जिथं झाला नोंद तिथलीच, म्हणून सासरहून बाळ काखेत मारून परत तापी ओलांडायची. कुठल्या कार्यालयात गेलो ते सांगत नाही, तिथला माणूस भला होता. त्यानं अर्ज वाचला आणि म्हणाला, "मॅडम, मुलीचं नाव लिहा. हे मुलाचं लिहिलंय." म्हटलं, मुलीचंच आहे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा मी येताना वाचून गेले होते, मुलीचं नाव बायकी असावं असं त्यात कुठं नाही, तेही सांगितलं. तो म्हणाला, असेल असेल. मग सगळं नाव टाईप केलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं नाव मग वडिलांचं येतं, ते बघून तो खूश झाला, "बरंय, निदान एक तरी बाईचं नाव आलं."

प्रमाणपत्र हातात घेतलं, घडी केली, पर्समध्ये टाकलं. बाळ रडत होतं, एसटी लागली होती. घरी येऊन आठ दिवसांनी आधारसाठी काढलं तेव्हा नवऱ्याला दिसलं. लिंग : पुरुष.

फोन केला तर तो माणूस मनापासून म्हणाला, "अहो, रुग्णालयानं चुकून स्त्री लिहिलं होतं, मी तुमचं काम वाचवलं." चांगुलपणानं केलेली चूक निस्तरायला सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात. मला तीन पडले. अर्ज, डिस्चार्ज कार्डाची प्रत, दोघांचे आधार, प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात लिहायचं की वरील नावाचं अपत्य ही मुलगी आहे. टाइपरायटरवाल्या काकांनी ते वाक्य तीनदा विचारून घेतलं. शेवटच्या खेपेला बाळाला घेऊन गेले. साहेब म्हणाले, हिला कशाला आणलं एवढ्या उन्हात? म्हटलं, पुरावा.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. जन्माच्या नोंदवहीत चूक दुरुस्त करताना मूळ नोंद खोडत नाहीत. कायद्याच्या पंधराव्या कलमात तसं आहे. मूळ शब्द तसाच राहतो, समासात दुरुस्ती लिहून खाली सही आणि तारीख घालतात. म्हणजे आमच्या पोरीच्या नोंदीत पुरुष तसंच आहे आणि शेजारी, समासात, ती स्त्री आहे. मी ते नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ हसला. मला मात्र हसू आलं नाही, दमले होते.

लसीकरणाच्या कार्डावर, अंगणवाडीच्या वहीत, बाल आधारला, सगळीकडं थोडंथोडं तेच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आता मी फॉर्मवर आधी लिंगाच्या चौकटीत खूण करते, ठळक, आणि मग नाव लिहिते. मजा भाषेची. "गोविंद आली" म्हणायला लोकांना आठवडाभर लागतो, पण एकदा जिभेला वळण पडलं की पडलं. आमची मदतनीस आता गावातल्या दुसऱ्या गोविंदला, म्हणजे साठीच्या गोविंद अप्पांना, "अप्पा आली का?" म्हणून बसली.

खरं सांगायचं ते कानबाईचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. २०२५ साली ३ ऑगस्टला होती. सुरत, पुणे, नाशिक, जिथं असतील तिथून भाऊबंद येतात, रात्रभर गाणी-फुगड्या, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. आणि रोट, म्हणजे देवीचा प्रसाद. रोटाचे गहू आणि हरभऱ्याची डाळ आमच्या घरी मोठी माय मोजते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. माणूस हजर असो नसो, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. बायकांची मोजत नाहीत. लेक परक्या घरची, सून परक्या घरातून आलेली, असा तो हिशोब. रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

मोठी माय पोत्याशी बसली. आम्ही बायका भोवती. मुलांची झाली, नातवांची झाली, पणतवंडांवर आली. "यशनी... सोहमनी..." आणि त्याच ओघात, "गोविंदनी." मूठ पडलीसुद्धा. सासूबाई दचकून म्हणाल्या, "माय, ती पोर शे." मोठी माय मान वर न करता म्हणाली, "माले म्हाईत शे."

माझा ऊर इतका भरून आला की सांगता येत नाही. सव्वा महिन्याचं ते कौतुक, तीन हेलपाटे, सगळं फिटलं असं वाटलं. माझी लेक त्या घरात मोजली गेली होती.

तेवढ्यात जावेची वैष्णवी, सहा वर्षांची, परकर सावरत पुढं आली. "मोठी माय, मनी मूठ?"

मोठी माय म्हणाली, "तुले तुना सासरनी कानबाई दी."

"मंग गोविंदले?"

कुणीच बोललं नाही. मोठ्या मायनं माझ्याकडं पाहिलं, हे उत्तर तुझं आहे अशा नजरेनं. आणि मला जाणवलं की त्या दोन मिनिटांत वैष्णवीचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ती सहा वर्षं त्याच घरात होती. सहा कानबाया तिनं बघितल्या होत्या. मी म्हणाले, "तिचीही घ्या. नाहीतर गोविंदची काढा." हे बोलायला मला लागला त्यापेक्षा कमी वेळ लागायला हवा होता.

"टाकेल मूठ काढतस नही," मोठी माय पुटपुटली. बराच वेळ तिचा हात पोत्यातच होता. मग तिनं मूठ भरली, वर पाव मूठ, आणि नाव मात्र घेतलं नाही. वैष्णवीनं स्वतःच घेतलं, मोठ्यानं. "वैष्णवीनी!"

त्या वर्षी दोन माणसांचे रोट जास्तीचे झाले. खाणाऱ्यांपैकी एकीला दात चार. पौर्णिमा शनिवारी होती, राखीची, आणि शुक्रवारी दुपारी आम्ही उरलेले रोट दुधात कुस्करून संपवत होतो. वैष्णवी तिचा वाटा नेटानं खात होती, हा माझा म्हणून. खाता खाता म्हणाली, "काकू, माझं नाव गोपाळ ठेव ना."

म्हटलं, का गं?

"मग पुढच्या वर्षी विचारावं लागणार नाही."

मी तिच्या वाटीत आणखी थोडं दूध ओतलं.